फेलिक्सच्या सत्काराला बाबांना घेऊन गेलो त्याची गोष्ट

तिकिटं मी मेमध्येच काढून ठेवली होती, बाबांचा व्हिसा हातात पण नव्हता तेव्हा. १२ ऑगस्ट २०२३, शनिवार, बेसबॉलची मॅच, सिएटल मरिनर्स विरुद्ध बाल्टिमोर ओरिओल्स. मॅच कुणाविरुद्ध आहे याच्याशी मला फार देणंघेणं नव्हतं, त्या संध्याकाळी मॅचच्या आधी फेलिक्स हर्नांडेझ या जुन्या पिचरला, म्हणजे आपल्या भाषेत बॉलरला, मरिनर्सच्या हॉल ऑफ फेममध्ये घेणार होते आणि मला काहीही करून तिथे असायचं होतं, आणि बाबा बरोबर असायला हवे होते.

हॉल ऑफ फेम म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर कूपर्सटाउन येतं, न्यूयॉर्क राज्यातलं गाव, तिथे अख्ख्या बेसबॉलचं म्युझियम आहे. हे ते नाही. बऱ्याच टीम्सचा आपला घरचा हॉल ऑफ फेम असतो, मरिनर्सचा १९९७ मध्ये आल्विन डेव्हिसपासून सुरू झाला. निदान पाच सीझन या टीमसाठी खेळलेला आणि रिटायर होऊन किमान दोन वर्षं झालेला असा नियम आहे, आणि तरी इतक्या वर्षांत फक्त दहा लोक आत गेले होते, त्यात एक तर कॉमेंटेटर, डेव्ह नीहाउस. आदल्या वर्षी दहावा इचिरो, जपानहून आलेला बॅटर. अकरावा फेलिक्स. कूपर्सटाउनला सगळ्या देशाची मान्यता मिळते ते खरं, पण घरचा सत्कार तो घरचाच. आपल्या गावाने नारळ-शाल देणं आणि दिल्लीला पुरस्कार मिळणं यात जो फरक आहे तोच.

आता माझं आणि फेलिक्सचं नातं सांगायला पाहिजे नाहीतर हे सगळं कशासाठी ते कळणार नाही. मी २०१० मध्ये दादरहून इकडे सिएटलजवळ रेडमंडला आलो नोकरीसाठी, एकटा, डिसेंबरमध्ये, म्हणजे साडेचारला अंधार आणि सतत रिपरिप. पुढच्या उन्हाळ्यात ऑफिसातल्या एकाने मॅचला नेलं. मला काहीच कळत नव्हतं. डावीकडे फाउल पोल म्हणजे हद्दीच्या खांबाजवळ सेक्शन १५० मध्ये सगळे पिवळे टी-शर्ट घालून बसलेले, प्रत्येकाच्या हातात पिवळं कार्ड, त्यावर मोठा 'के'. बेसबॉलच्या स्कोअरिंगमध्ये के म्हणजे स्ट्राइकआउट, बॅटरला बॉल हुकला किंवा मारण्याजोगा बॉल त्याने सोडला की स्ट्राइक, आणि तीन स्ट्राइक झाले की तो आउट. पिचरने दोन स्ट्राइक टाकले की तो सगळा सेक्शन उभा राहून के के के ओरडायला लागायचा. त्याला किंग्ज कोर्ट म्हणायचे, त्याच वर्षी सुरू झालं होतं, कारण पिचरचं टोपणनाव किंग फेलिक्स. व्हेनेझुएलातल्या व्हॅलेन्सियाचा मुलगा, सोळाव्या वर्षी करार केला, एकोणिसाव्या वर्षी मोठ्या लीगमध्ये आला, आणि आदल्याच वर्षी, २०१० मध्ये, साय यंग अवॉर्ड जिंकलेला, म्हणजे लीगमधला सगळ्यात चांगला पिचर. मी पण नवीन, परक्या देशातून आलेला, आणि हा माझ्यापेक्षा लहान वयात घर सोडून आलेला माणूस माउंडवर, म्हणजे पिचर बॉल टाकतो त्या उंचवट्यावर, असा उभा होता की जणू इथेच जन्मला. मला क्रिकेट कळतं, स्पिनरचा हात कळतो. त्याचा चेंजअप बघितला आणि बाकीचं बेसबॉल नंतर शिकलो, आधी तो बॉल आवडला. फास्टबॉलसारखाच हात येतो, बॅटर बॅट फिरवतो आणि बॉल तेव्हा अजून यायचा असतो आणि शेवटी खाली पडतो.

आणि ज्या टीमसाठी तो हे करत होता ती टीम हरायची. नुसती हरायची नाही, रनच करायची नाही. २०१० मध्ये मरिनर्स १०१ मॅच हरले. फेलिक्सची त्या वर्षीची सरासरी नऊ इनिंगला, म्हणजे एका पूर्ण मॅचला, २.२७ रन, लीगमधली सर्वात कमी, आणि त्याच्या नावावर १३ विजय १२ पराभव. बेसबॉलमध्ये ही एक पद्धत आहे, टीम जिंकली किंवा हरली की तो निकाल एका पिचरच्या नावावर लिहितात. तुम्ही दोनच रन दिले आणि तुमच्या टीमने एक केला तर हार तुमच्या खात्यात.

बाबांना हे मी मॅचच्या आदल्या आठवड्यात घरी जेवणाच्या टेबलावर समजावत होतो तेव्हा ते जेवायचे थांबले. "म्हणजे बॉलरने चांगली बॉलिंग केली तरी हार त्याच्या नावावर?"

"हो बाबा."

"मग त्याने स्वतः बॅटिंग करून दोन रन काढायचे."

"त्याला बॅटिंग नसतेच. या लीगमध्ये १९७३ पासून पिचरच्या जागी दुसराच बॅटर येतो."

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पॅडीला निदान अकरावा म्हणून बॅट तरी धरायला मिळायची रे."

पॅडी म्हणजे पद्माकर शिवलकर. आमच्या घरात हे नाव घरच्या माणसासारखं घेतलं जायचं. बाबा शिवाजी पार्कच्या जवळ वाढले, पॅडीला नेट्समध्ये बघायला म्हणून शाळा सुटल्यावर कठड्यावर जाऊन बसायचे. डावखुरा स्पिनर, मुंबईकडून खेळला, फर्स्ट क्लासमध्ये ५८९ विकेट, आणि एकही टेस्ट नाही. एकही. कारण बिशनसिंग बेदी त्याच काळात होते, तेही डावखुरे स्पिनर, आणि बेदी खरोखरच महान. १९७२-७३ ची रणजी फायनल चेपॉकला, तमिळनाडूविरुद्ध, पॅडीने पहिल्या इनिंगमध्ये १६ रनमध्ये ८ आणि दुसऱ्यात १८ रनमध्ये ५ घेतल्या. बाबांनी ती मॅच इराण्याच्या हॉटेलात रेडिओवर ऐकली होती, ते वर्णन मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलंय की मला वाटतं मीच तिथे होतो. त्यामुळे फेलिक्स कोण हे बाबांना समजवायला मला दहा मिनिटं पण लागली नाहीत. एवढंच सांगितलं की २००५ ते २०१९ पंधरा सीझन हा माणूस एकाच टीमकडून खेळला आणि त्या पंधरा वर्षांत टीम एकदाही प्लेऑफमध्ये गेली नाही, त्याने प्लेऑफमधला एकही बॉल टाकला नाही. सगळ्यात जवळ आले ते २०१४ मध्ये, एका मॅचने हुकलं, शेवटच्या दिवशी फेलिक्स माउंडवर असतानाच तिकडे टेक्सासमध्ये ओकलंड जिंकल्याची बातमी आली आणि सगळं संपलं. २०२२ मध्ये टीम शेवटी प्लेऑफला गेली तेव्हा तो रिटायर झालेला.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, दोघांची तुलना पैशाच्या बाबतीत करता येत नाही, फेलिक्सने २०१३ मध्ये सात वर्षांचा १७५ मिलियन डॉलरचा करार केला, पॅडीच्या पिढीला काय मिळायचं ते सगळ्यांना माहीत आहे. पण त्या कराराच्या दिवशी पत्रकारांसमोर तो रडला होता, दुसऱ्या मोठ्या टीमकडे जायची संधी पुढे होती आणि तो इथे थांबला, हे सिएटलच्या लोकांनी कायमचं लक्षात ठेवलं.

तर तो दिवस. माझी मुलगी नऊ वर्षांची, तिच्यासाठी मरिनर्स म्हणजे हुलिओ रॉड्रिगेझ, ४४ नंबरची जर्सी घालून तयार. मी २०१९ मधलं के कार्ड कपाटातून काढलं, फेलिक्सच्या शेवटच्या मॅचचं, २६ सप्टेंबर २०१९. त्या दिवशी मी सेक्शन १५० मध्येच होतो, मॅच हरलो अर्थातच, ३-१, आणि तो माउंडवरून उतरताना डोळे पुसत होता. कार्डाचा एक कोपरा दुमडलाय, घामाचे डाग आहेत. बायकोने थालीपीठं आणि दाण्याची चटणी बांधून दिली, या स्टेडियममध्ये बाहेरचं खाणं नेऊ देतात, फक्त पिशवी आरपार दिसणारी लागते. आई आणि ती घरी थांबल्या. नॉर्थगेटला गाडी लावली आणि लिंक, म्हणजे इथली शहरातली ट्रेन, पकडली. यूनिव्हर्सिटीपासून डब्यात पिवळे टी-शर्ट दिसायला लागले, वेस्टलेकला तर इतकी गर्दी झाली की बाबा खुश झाले, म्हणाले आता लोकलसारखं वाटतंय.

लवकर पोहोचलो होतो मुद्दाम. आत गेल्यावर आधी डेव्ह नीहाउसच्या पुतळ्यापाशी गेलो, माइकसमोर बसलेला, शेजारी एक रिकामी सीट ठेवलेली आहे, लोक बसून फोटो काढतात. बाबा तिथे बसले. कॉमेंटेटरचा पुतळा बांधतात हे त्यांना फार म्हणजे फारच आवडलं. "रेडिओवाल्याचा पुतळा," असं दोनदा म्हणाले. मग मी त्यांना हॉल ऑफ फेमच्या भिंतीपाशी नेलं, इथे नावं आहेत, इथे आज एक वाढणार.

आमच्या सीट वरच्या डेकवर, थर्ड बेसच्या बाजूला. छप्पर उघडं, ऊन बऱ्यापैकी, बाजूच्या रुळांवरून मालगाडी गेली की भोंगा वाजतो आणि सगळं स्टेडियम ते धरूनच चालतं. शेजारी एक साठीच्या आसपासच्या बाई होत्या, किंग्ज कोर्टचा जुना टी-शर्ट, धुऊन धुऊन लिंबाच्या सालीसारखा फिका झालेला. बाबा मला मराठीत म्हणाले, यांना विचार, फेलिक्सच्या परफेक्ट गेमला होत्या का. मी विचारलं. होत्या.

१५ ऑगस्ट २०१२. परफेक्ट गेम म्हणजे समोरचे सत्तावीस बॅटर आले आणि सत्तावीस आउट, एकही पहिल्या बेसवर, म्हणजे रनसाठी धावायच्या पहिल्या टप्प्यावर, पोचला नाही. मोठ्या लीगच्या एवढ्या इतिहासात तोपर्यंत फक्त बावीस वेळा झालेलं, फेलिक्सचा तेविसावा, आणि मरिनर्सचा आजपर्यंतचा एकमेव. टॅम्पा बेविरुद्ध, बुधवारी भरदुपारी. आणि स्कोअर? १-० अर्थात, त्याला रन मिळाला तो एकच. मला त्या मॅचचं तिकीट एकजण देत होता फुकट. माझा रिव्ह्यू होता दुपारी, मी नाही म्हटलं. ते मला अजून लागतं. आठव्या इनिंगपासून मी ऑफिसच्या पार्किंगच्या जिन्यात बसून रेडिओ ऐकला, शेवटचा बॅटर शॉन रॉड्रिगेझ, बॉल चेंजअपच, तो नुसता बघत राहिला आणि अंपायरने स्ट्राइक थ्री दिला. जिन्यात मी एकटा. भारतात मध्यरात्र होऊन गेली होती तरी मी बाबांना फोन लावला होता आणि त्यांना तेव्हा काहीही कळलं नव्हतं, फक्त एवढं म्हणाले होते की रेडिओवर ऐकलंस ना, मग चांगलं ऐकलंस.

त्या बाई म्हणाल्या सातव्या इनिंगनंतर त्यांच्या रांगेतलं कुणी जागचं हललं नाही, बाथरूमला पण नाही, आणि कुणी तो शब्द उच्चारला नाही, कारण परफेक्ट म्हटलं की मोडतो असं मानतात. बाबा जोरात मान हलवायला लागले. बॅट्समन नव्वदीत असला की आम्हीपण जागा सोडत नाही, हे त्यांना सांग. सांगितलं. मग त्या दोघांचं जमलं. थालीपीठ पण दिलं त्यांना.

कार्यक्रम सुरू झाला तेव्हा मैदानावर माउंडच्या आसपास खुर्च्या, व्यासपीठ, आणि मोठ्या स्क्रीनवर जुने व्हिडिओ. खरं सांगायचं तर कार्यक्रम म्हणून त्यात फार वेगळं काही नसतं, ओळख, टाळ्या, व्हिडिओ, सत्कार, भाषण, आपल्याकडच्या कुठल्याही सत्कारासारखंच. पण व्हिडिओत ते वर्षानुवर्षांचे बॉल एकामागून एक यायला लागले, पहिला सडपातळ पोरगा, मग वाकडी टोपी घालणारा राजा, मग २०१९ मधला थकलेला माणूस, तेव्हा मला एकदम कळलं की माझी इथली सगळी वर्षं त्याच्यात आहेत. तो एकोणीस वर्षांचा होता तेव्हा मी कॉलेजात होतो. त्याने परफेक्ट गेम टाकला तेव्हा माझं लग्न ठरत होतं. शेवटच्या मॅचला ही पोरगी पाच वर्षांची, घरी ताप आलेली. आणि तो पुढे आला, नावाची घोषणा झाली, आणि सत्तेचाळीस हजारांच्या वर लोक मावतील अशा त्या स्टेडियममधून जो आवाज आला तो वरच्या डेकवर पायाखाली जाणवत होता. आपोआप के के के सुरू झालं. मी कार्ड वर धरलं. मुलीने ते माझ्या हातातून घेतलं आणि ती खुर्चीवर उभी राहून हलवायला लागली, ज्याला तिने कधी खेळताना बघितलं नाही त्याच्यासाठी.

बाबा टाळ्या वाजवत होते आणि त्यांच्या डोळ्यात पाणी होतं. मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, इकडे बघून नाही, मैदानाकडे बघत. "पॅडीला बोर्डाने २०१७ मध्ये सत्कार दिला. सी. के. नायडू पुरस्कार. तोपर्यंत तो पंचाहत्तरी ओलांडलेला. हा किती वर्षांचा?" सदतीस, मी म्हटलं. "हे बरं केलं यांनी. वेळेवर केलं."

मग मॅच, आणि मॅचबद्दल लिहायलाच पाहिजे, कारण त्या रात्री जे झालं ते कुणी रचून सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. मरिनर्सचा पिचर जॉर्ज कर्बी, तरुण, बॉल इतका अचूक की कुणाला फुकटचा बेस देतच नाही. मी स्कोअरकार्डचा कागद घरून छापून नेला होता, बाबांना दोन दिवस शिकवलं होतं, के कधी लिहायचा, उलटा के कधी लिहायचा म्हणजे बॅटर नुसता बघत राहिला तर. बाबा बँकेत चाळीस वर्षं लेजर लिहिलेला माणूस, एकही खाडाखोड नाही. पहिली इनिंग शून्य. दुसरी शून्य. ओरिओल्सच्या ओळीत शून्य, मरिनर्सच्या ओळीत शून्य. पाचवी, सहावी, सातवी. कर्बी चालूच. आजकाल पिचरला सहाव्या-सातव्या इनिंगला काढून घेतात, नऊ पूर्ण टाकू देणं दुर्मिळ झालंय, पण हा आठव्यात आला, नवव्यात पण आला आणि नववं शून्य टाकून गेला. आम्ही सगळे उभे. नऊ इनिंग, एकही रन नाही. आणि मरिनर्सच्या ओळीत पण नऊ शून्यं.

बाबांनी पेन खाली ठेवलं. "जिंकला ना हा? याच्या नावावर विजय ना?"

"नाही बाबा. टीमने रन केला नाही. काहीच नाही त्याच्या नावावर."

नऊनंतर बरोबरी असली तर दहावी इनिंग खेळतात, आणि तिला आता नवीन नियम आहे, दोन्ही टीमना दुसऱ्या बेसवर एक रनर आयता देतात. कर्बीच्या जागी दुसरा आला, ओरिओल्सचा एक रन झाला, मरिनर्सचा झाला नाही. ०-१. मुलगी रडवेली झाली. शेजारच्या बाई मात्र डोक्याला हात लावून बसल्या आणि मग आमच्याकडे वळून म्हणाल्या की ही त्याचीच मॅच होती. खरंच होती. फेलिक्सच्या सत्काराच्या रात्री मरिनर्सच्या पिचरने नऊ इनिंग शून्य रन दिले आणि मरिनर्स १-० ने हरले. पंधरा वर्षं तो जे सोसत होता ते एका संध्याकाळी बाबांना, पोरीला, मला पुन्हा एकदा प्रत्यक्ष बघायला मिळालं.

परतीच्या ट्रेनमध्ये बाबांना कुणीतरी जागा दिली. ते स्कोअरकार्ड मांडीवर ठेवून बघत होते, मग त्यांनी कर्बीच्या ओळीपुढे, जिथे मी मोकळी जागा सोडायला सांगितली होती, तिथे बारीक मराठी अक्षरात लिहिलं, "उत्तम गोलंदाजी." आणि खाली तारीख. तो कागद ते दादरला घेऊन गेले.

२०२५ च्या जानेवारीत कूपर्सटाउनच्या मतदानाचा निकाल लागला. इचिरो निवडून आला, एका मताने शंभर टक्के हुकले. फेलिक्सचं पहिलंच वर्ष, २०.६ टक्के. ७५ लागतात. मी बाबांना मेसेज केला, त्यांनी नुसता हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं. मग ३ मार्चला त्यांचा फोन आला, माझ्याकडे अजून सकाळ होती. पॅडी गेला रे, म्हणाले. चौऱ्याऐंशी. बराच वेळ बोलत होते, चेपॉक, इराण्याचं हॉटेल, पार्कातला कठडा, मी सगळं पुन्हा ऐकलं. फोन ठेवताना त्यांनी विचारलं, तुझ्या त्या फेलिक्सला त्या मतदानात किती वर्षं ठेवतात?

मी म्हटलं, दहा वर्षं, दरवर्षी निदान पाच टक्के मिळाले तर.

"म्हणजे अजून नऊ आहेत," बाबा म्हणाले. "मला दर जानेवारीत कळव."